जुन्या सिंगल-शॉट रायफलीचा आनंद कसा घ्यावा

ज्या रायफलीला काडतुसांची पेटी नसते आणि प्रत्येक बारानंतर नवे काडतूस हातानेच भरावे लागते, तिला नेमबाज सिंगल-शॉट म्हणतात. भराभर बार काढणाऱ्या रायफली आल्या तरी हा प्रकार संपला नाही. ऑलिंपिकमधली ५० मीटर रायफल आजही नियमानेच अशी असते आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक मिळवले तेही एकेक काडतूस भरूनच. इथे मात्र विषय आहे तो पोलाद आणि अक्रोडाच्या लाकडाच्या जुन्या रायफलींचा. इंग्लंड-अमेरिकेत ससे, खारी आणि पिकांना उपद्रव देणारे लहान प्राणी टिपण्यासाठी त्या घडवल्या गेल्या आणि त्यांपैकी काही ब्रिटिश अमदानीत आपल्याकडेही आल्या. माझे म्हणणे एवढेच, की अशा रायफलीचा आनंद घ्यायला सावज लागत नाही. लहान लक्ष्य, मोजलेले अंतर आणि घाई नसलेला माणूस एवढे जुळले की ती आपले सगळे गुण दाखवते, आणि हे तिन्ही नेमबाजीच्या रेंजवर जुळवता येते.

आधी कायदा

मराठवाड्यात रायफल घेऊन शिवारात ससा किंवा तितर मारायला जाणे हा गुन्हा आहे, हे पहिल्यांदा स्पष्ट करायला हवे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर हौसेच्या शिकारीला परवाना देण्याची सोयही उरलेली नाही. रानडुक्कर किंवा रोही यांनी उभे पीक आडवे केले तरी परस्पर बंदूक उचलता येत नाही. कायद्याच्या कलम ११ नुसार मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी परवानगी देतो, तेव्हाच पुढची गोष्ट. अशी परवानगी हातात असली तरी .२२ ची, म्हणजे ०.२२ इंच मापाची, हलकी रायफल रानडुकरासाठी पूर्णपणे अयोग्य आहे, कारण तिच्या गोळीने जनावर जागेवर पडत नाही, जखमी होऊन उसात शिरते आणि दुसऱ्या दिवशी ऊस तोडायला आलेल्या माणसांच्या अंगावर येते. नुकसानीचा पंचनामा वेळेत करून घेणे हाच शेतकऱ्यासाठी सरळ मार्ग आहे.

रायफल बाळगण्याचा कायदा वेगळा, म्हणजे शस्त्र अधिनियम १९५९. त्यातली एक तरतूद आपल्या हौशीला थेट लागू पडते: मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सभासदाने लक्ष्यवेधाच्या सरावासाठी .२२ रायफल मागितली, तर त्या कारणाचा कलम १३ मध्ये स्वतंत्र उल्लेख आहे. त्यामुळे अर्ज करण्याआधी क्लबचे सभासदत्व घ्यावे. परवाना जिल्हाधिकारी देतात, पोलीस आयुक्तालय असलेल्या छत्रपती संभाजीनगर शहरात पोलीस आयुक्त देतात, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला जास्तीत जास्त दोनच अग्निशस्त्रे ठेवता येतात. घरातल्या वडीलधाऱ्या परवानाधारकाचे निधन झाल्यास त्यांची रायफल कपाटात तशीच ठेवू नये. ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी आणि मग वारस म्हणून रीतसर अर्ज करावा. माळ्यावर पडून राहिलेली बिनपरवाना बंदूक हे वारशाचे नव्हे, कोर्टकचेरीचे निमित्त ठरते.

परवान्याच्या फेऱ्यांत पडायचे नसेल तर ४.५ मिलिमीटरची, २० ज्यूलपेक्षा कमी ताकदीची छर्ऱ्याची बंदूक घ्यावी. तिच्यातही एका वेळी एकच छर्रा बसतो आणि पुढे लिहिलेला बहुतेक सराव तिच्यावर दहा मीटरवर करता येतो. तिने पाखरे मारणे मात्र तितकेच बेकायदेशीर आहे.

कोणकोणत्या रायफली

सिंगल-शॉट रायफलींचे कुळ त्यांच्या ब्लॉकवरून, म्हणजे काडतुसाच्या बुडाशी आधार देणाऱ्या पोलादी ठोकळ्यावरून ओळखले जाते. अमेरिकेत जॉन ब्राउनिंग यांनी सरळ खाली उतरणाऱ्या ब्लॉकची रचना केली, १८७९ मध्ये तिचे पेटंट मिळवले आणि विंचेस्टर कंपनीने ती विकत घेऊन १८८५ मध्ये बाजारात आणली. तिचा ‘लो वॉल’ हा हलका प्रकार लहान काडतुसांसाठी आणि ‘हाय वॉल’ जड काडतुसांसाठी. स्कॉटलंडच्या फारकरसन यांचे पेटंट १८७२ चे असून १९६० च्या दशकात आलेली रुगर नंबर वन ही त्याच घराण्यातली धाकटी पाती आहे. रेमिंग्टनच्या रोलिंग ब्लॉकमध्ये ठोकळा अंगठ्याने मागे लोटायचा असतो. आपल्याकडे या सर्वांपेक्षा मार्टिनी रचना दिसण्याची शक्यता अधिक, कारण ब्रिटिश लष्कराने १८७१ मध्ये मार्टिनी-हेन्री स्वीकारली आणि पुढे बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीने त्याच रचनेच्या लहान .२२ रायफली क्लबांसाठी मोठ्या संख्येने बनवल्या. मार्टिनीचा ब्लॉक मागच्या टोकाशी बिजागरासारखा अडकवलेला असतो. दस्त्याखालची तरफ खाली ओढली की त्याचे पुढचे तोंड झुकते आणि रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते.

आणखी एक जात आहे ती रूक रायफलींची. इंग्लंडमधल्या शेतांवर रूक नावाचे कावळ्याच्या जातीचे पक्षी थव्याने उतरत. त्यांच्यासाठी आणि सशांसाठी तिथल्या नामांकित बंदूककारांनी .२५० ते .३८० मापाच्या नाजूक, हलक्या रायफली घडवल्या. दिसायला याहून देखणी सिंगल-शॉट सापडणार नाही. अडचण काडतुसांची आहे, कारण .३०० रूकसारखी मापे आज बाजारात जवळजवळ नाहीत. म्हणूनच अशा अनेक रायफलींच्या नळीत पुढे .२२ ची आतली नळी बसवून घेतली गेली.

अमेरिकेत या हौसेला १९३० मध्ये नवे बळ मिळाले, ते .२२ हॉर्नेट हे वेगवान काडतूस बाजारात आल्यामुळे. कुरणात बिळे करणाऱ्या वुडचकसारख्या प्राण्यांवर दीडशे-दोनशे मीटरवरून नेम धरणे त्यामुळे शक्य झाले आणि जुन्या लो वॉल रायफलींना त्या मापाच्या नळ्या बसवण्याची टूम निघाली. आपल्याकडच्या हौशी माणसाने या मोहात पडू नये. बंदुकांच्या खासगी आयातीला १९८० च्या दशकापासून बंदी आहे, हॉर्नेटची काडतुसे दुर्मीळ आणि महाग आहेत, आणि परवान्यावर लिहिलेले माप परस्पर बदलून घेणे हा गुन्हाच आहे. .२२ लाँग रायफल हे १८८७ चे काडतूस आजही सर्वांत स्वस्त, सर्वांत सौम्य आणि सहज मिळणारे आहे. पहिली जुनी सिंगल-शॉट घ्यायची तर त्याच मापाची.

विकत घेण्यापूर्वी तपासणी

विक्रेत्याकडे रायफल हातात आली की प्रथम तरफ ओढून चेंबर, म्हणजे काडतूस बसण्याची जागा, रिकामे असल्याची डोळ्यांनी आणि करंगळीने खात्री करावी. मार्टिनीला बाहेर घोडा नसतो, त्यामुळे ती चढवलेली आहे की नाही हे उजव्या बाजूच्या लहान दर्शकावरून कळते. तो दर्शक सैल किंवा तुटलेला असेल तर किंमत लगेच खाली आणावी. तरफ शेवटच्या बोटभर अंतरात किंचित घट्ट होत बंद झाली पाहिजे. ती सैल लटकत असेल किंवा बंद झाल्यावरही ब्लॉक वरखाली हलत असेल, तर पिना झिजल्या आहेत असे समजावे.

यानंतर नळी. ब्लॉक खाली ठेवून चेंबरमध्ये पांढऱ्या कागदाचा तुकडा तिरका धरावा आणि पुढच्या तोंडातून आत पाहावे. कागदावरून परतणाऱ्या उजेडात नळीचे आटे, म्हणजे आतल्या पिळदार खाचा, तोंडापर्यंत सलग, धारदार फिरत आलेले दिसले पाहिजेत. नळीत एखादे काळपट कडे दिसले, की आत अडकलेल्या गोळीवर दुसरी गोळी झाडली गेल्याने नळी तिथे फुगली आहे अशी शंका घ्यावी आणि ती रायफल सोडून द्यावी. बारीक बारीक खड्डे असलेली नळी मात्र लगेच नाकारू नये. जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या रसायनाने असे खड्डे पडत, आणि ते तोंडापाशी नसतील तर शिशाची गोळी अशा नळीतूनही समाधानकारक जाते. नळीचे तोंड मात्र निर्दोष हवे. मार्टिनीत गज मागून घालता येत नसल्याने पिढ्यान्‌पिढ्या ती पुढून साफ केली जाते, आणि निष्काळजी हाताने घातलेला गज तोंडाचे आटे एका बाजूने झिजवतो. नखाच्या टोकाने तोंडाची कडा गोल फिरून चाचपली तर हा दोष बोटाला लागतो.

.२२ च्या रायफलीत आणखी एक जागा पाहायची असते. या काडतुसात दारू पेटवणारा मसाला बुडाच्या कडेत असल्याने सुई कडेवरच आपटते. रिकाम्या रायफलीचा चाप वर्षानुवर्षे ओढला गेला असेल तर तीच सुई चेंबरच्या कडेवर आपटून तिथे खळगा पाडते आणि काडतूस अडकू लागते. चांगला मिस्त्री तो ओठ पुन्हा बसवून देतो. शेवटी, मिस्त्रीच्या देखरेखीखाली रेंजवर एक काडतूस झाडून त्याचे रिकामे कवच पाहावे. बुडाची कडा फुगली असेल किंवा कवच चिरले असेल, तर ब्लॉक आणि काडतूस यांच्यात फट जास्त आहे आणि रायफल वापरण्यायोग्य नाही.

रायफलीवर लिहिलेल्या मापावर अंधविश्वास ठेवू नये, कारण शंभर वर्षांत नळी कितीदा बदलली असेल सांगता येत नाही. चेंबरचे माप मिस्त्रीकडून घेऊन परवान्यावरच्या नोंदीशी जुळवावे.

जुळवणी

.२२ ची नेहमीची ४० ग्रेनची, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅमची गोळी दोन वेगांत मिळते: स्टँडर्ड, जी सेकंदाला ३२० ते ३३० मीटर जाते, आणि हाय व्हेलॉसिटी, जी ३७० च्या वर जाते. जुन्या रायफलीत स्टँडर्डच वापरावी. ती सौम्य आहे हे एक कारण; दुसरे कारण असे, की आवाजाच्या वेगाहून जलद निघालेली गोळी वाटेत त्या वेगाच्या उंबरठ्यावर येऊन खूप जोर गमावते आणि आडव्या वाऱ्यात संथ गोळीपेक्षाही जास्त सरकते. वेगवान गोळी वाऱ्याला जास्त बळी पडते, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खरे वाटत नाही. त्याने वाऱ्याच्या दिवशी दोन्ही प्रकारची पाच-पाच काडतुसे एकाच कागदावर झाडून पाहावीत.

जुळवणी, म्हणजे जिथे नेम तिथे गोळी लागेल असे करणे, २५ मीटरपासून सुरू करावी. रेतीच्या पिशवीवर रायफलीचा पुढचा दस्ता ब्लॉकच्या जवळून टेकवावा, नळी कधीच टेकवू नये. बहुतेक सिंगल-शॉट रायफलींचा दस्ता दोन तुकड्यांचा असतो आणि पुढचा तुकडा नळीलाच अडकवलेला असल्याने टेकण्याची जागा चार बोटे पुढेमागे झाली तरी गोळ्यांची जागा बदलते. ती जागा पेन्सिलने खूण करून कायम ठेवावी. पाच गोळ्या झाडून त्यांचा मध्य काढावा, एका गोळीवरून काहीही हलवू नये. गोळ्या उजवीकडे लागत असतील तर नेम धरण्याची मागची खाच डावीकडे सरकवावी. नळीच्या टोकावरची पुढची माशी हलवायची असेल तर ती उलट, म्हणजे उजवीकडे. किती सरकवायचे याचा हिशेब सोपा आहे: माशी आणि खाच यांच्यात ६० सेंटिमीटर अंतर असेल, तर अर्ध्या मिलिमीटरच्या सरकण्याने २५ मीटरवर गोळी सुमारे दोन सेंटिमीटर सरकते. हातोडीने ठोकून माशी सरकवणारे लोक या हिशेबाअभावीच तास घालवतात.

५० मीटरवर जुळवलेली रायफल २५ मीटरवर साधारण दोन सेंटिमीटर वर मारते आणि १०० मीटरवर २० ते २५ सेंटिमीटर खाली. म्हणून जुन्या शिकाऱ्यांची .२२ ची हद्द ५० ते ६० मीटरच असे. पुढे अंतराचा अंदाज दहा मीटरने चुकला तरी सशाचे डोके सुटते. गोळी मात्र दोन किलोमीटरपर्यंतही जाऊ शकते. मराठवाड्याच्या सपाट काळ्या रानात, जिथे दोन किलोमीटरवर कुणीतरी ज्वारी काढत असतेच, मातीचा भक्कम बांध मागे असल्याशिवाय एकही बार काढू नये.

सराव

रेंजवर दहा वर्तुळांच्या छापील कागदावर गोळ्या मारणे उत्तम, पण जुन्या रायफलीचा खरा स्वभाव कळतो तो शिकाऱ्याच्या कसोटीवर. अडीच सेंटिमीटर व्यासाची पाच वर्तुळे एका पांढऱ्या कागदावर काढावीत, खारीचे डोके साधारण तेवढेच असते. २५ मीटरवर प्रत्येक वर्तुळात एकच गोळी मारायची. चुकली तर त्याच वर्तुळात दुसरी मारून समाधान करून घ्यायचे नाही, कागद बदलायचा. पाचही गोळ्या आत पडल्या की अंतर पाच मीटरने वाढवायचे. ज्या अंतरावर पाचांपैकी एक गोळी बाहेर जाऊ लागते, त्याच्या अलीकडचे अंतर ही तुमची हद्द. हे कागद तारीख टाकून जपून ठेवावेत. गुणांच्या बेरजेपेक्षा ते जास्त खरे बोलतात.

हीच कसोटी पुढे गुडघ्यावर बसून, मग उभे राहून द्यावी. उभ्याने हद्द निम्म्यावर येते आणि पुष्कळांचा उत्साह इथेच मावळतो. उपाय घरी आहे: खोटे काडतूस, म्हणजे स्प्रिंगची टोपी असलेले स्नॅप कॅप, भरून रिकाम्या भिंतीवरच्या ठिपक्यावर रोज थोडा वेळ चाप ओढावा आणि चाप सुटताना माशी कुठे होती ते स्वतःशी बोलून दाखवावे. एनसीसीत .२२ झाडलेल्यांना ‘श्वास रोखून हळू चाप’ पाठ असतो, परंतु श्वास सात-आठ सेकंदांपेक्षा जास्त रोखला की नजर धूसर होते, हे तिथे घाईत राहून जाते. तेवढ्यात बार सुटला नाही तर रायफल खाली घ्यावी आणि पुन्हा सुरुवात करावी.

दोन बारांच्या मधला वेळ हेच सिंगल-शॉटचे वैभव आहे. तरफ ओढायची, कवच बाहेर पडते. ते उचलून डबीत टाकायचे, नवे काडतूस ब्लॉकवरच्या पन्हाळीत ठेवून अंगठ्याने पुढे सारायचे, तरफ मिटायची, मगच गाल दस्त्याला लावायचा. हा क्रम दरवेळी सारखाच ठेवला की गोळ्याही एकमेकींजवळ येऊ लागतात. बार झाला नाही तर तरफ लगेच ओढू नये. नळी लक्ष्याकडेच ठेवून अर्धा मिनिट थांबावे, कारण जुने काडतूस कधी कधी उशिरा पेटते. आवाज नेहमीपेक्षा फुसका आला तर गज घालून नळी मोकळी असल्याचे पाहिल्याशिवाय पुढचे काडतूस भरायचे नाही.

ज्यांना प्राण्यांच्या आकारावर नेम धरण्याची हौस आहे त्यांच्यासाठी मेक्सिकोत जन्मलेला सिल्युएट हा खेळ आहे. .२२ च्या प्रकारात कोंबडी ४० मीटरवर, डुक्कर ६० वर, टर्की ७७ वर आणि मेंढा १०० वर, असे धातूचे लहान पुतळे उभ्याने पाडायचे असतात. आपल्या रेंजवर धातूचे पुतळे लावू देतीलच असे नाही, आणि शिशाचे तुकडे उलट उडत असल्याने हा आग्रह धरूही नये. जाड पुठ्ठ्याचे आकार कापून त्याच अंतरांवर लावले तरी चालते. मेंढ्यासाठी नेम वर धरावा लागतो, तो किती, हे प्रत्येकाने आपापल्या रायफलीचे कागद पाहून ठरवावे.

मार्चपासून जूनपर्यंत रेंजवर सकाळी लवकर जावे. नऊनंतर काळ्या जमिनीवरची हवा थरथरू लागते आणि काळे वर्तुळ पाण्यात पडल्यासारखे हलते. ताशी पंधरा किलोमीटरचा आडवा वारा .२२ च्या गोळीला १०० मीटरवर दहा सेंटिमीटरच्या आसपास ढकलतो, २५ मीटरवर मात्र नाममात्र. काडतुसांची पेटी बंद गाडीत ठेवू नये. तापलेल्या काडतुसाची गोळी वेगळ्या उंचीवर लागते आणि शिशावरचा मेणाचा लेप वितळून निघून जातो.

निगा

आधुनिक .२२ च्या काडतुसाने नळी फारशी घाण होत नाही, तिला रोज घासणेच अधिक घातक आहे. एक-दोन कोरड्या चिंध्या आणि शेवटी तेलाची एक, एवढे पुरे. मार्टिनीत गज पुढून घालताना नळीच्या तोंडात पितळी नळकांडे बसवावे, म्हणजे गज आट्यांना घासत नाही. काळी दारू किंवा फार जुनी काडतुसे वापरली गेली असतील तर तेलाने काम भागत नाही, कारण उरलेला क्षार तेलात विरघळत नाही. उकळत्या पाण्याने नळी धुऊन, कोरडी करून मगच तेल लावावे.

दस्त्याच्या लाकडासाठी जवसाचे तेल आजही सर्वोत्तम. उदगीर-लातूरकडे घाण्याचे ताजे तेल मिळते, पण ते वाळायला आठवडे घेते, म्हणून रंगाच्या दुकानातले उकळलेले जवसतेल घ्यावे. दोन थेंब तळहातावर चोळून लाकडात जिरवावे, तासाभराने उरलेले पुसून काढावे, दुसऱ्या दिवशी पुन्हा. तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचे तेल वाळताना उष्णता सोडते आणि मे महिन्यात असे बोळे आपोआप पेट घेऊ शकतात. त्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवाव्यात.

पावसाळ्यात रायफल चामड्याच्या म्यानात ठेवू नये, चामडे दमट हवा धरून ठेवते आणि त्यातले क्षार पोलादाला गंज चढवतात. नळीला पातळ तेल लावून, तोंड खाली करून, कुलपाच्या लोखंडी कपाटात ती मोकळी उभी करावी, म्हणजे तेल दस्त्याच्या लाकडात उतरत नाही. काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवावीत. पंधरवड्यातून एकदा कपाट उघडून तरफेच्या सांध्यावर आणि माशीच्या बुडाशी बोट फिरवावे, कारण गंज पहिल्यांदा तिथेच धरतो. नळीत तेल ठेवले असेल, तर पुढच्या वेळी रेंजवर पहिला बार काढण्यापूर्वी कोरडी चिंधी ओढून ते काढून टाकावे.